गणिताच्या कागदावरचे चित्र

अमेरिकेतील शाळांमध्ये होणाऱ्या गोळीबारांविषयी या सदराकडे गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, पण विषयाचा गाभा तिथेच असल्याने ते कापले नाही.

प्रश्न : मुलगी आणि जावई मिशिगनमध्ये नोव्हाय येथे राहतात. यंदा सहा महिने त्यांच्याकडे होते. नात दुसरीत आहे. एके दिवशी शाळेतून आल्यावर तिने सहज सांगितले, की आज बाईंनी दिवे मालवले, दाराला आतून कडी लावली आणि आम्ही सगळे कोपऱ्यात गप्प बसलो. जे अजिबात बोलले नाहीत त्यांना स्टिकर मिळाले. ही गोळीबाराची तालीम होती, असे जावयांनी नंतर सांगितले. त्या रात्री मला झोप लागली नाही. अशा घटनेनंतर दर वेळी वाचायला मिळते, की लक्षणे आधीपासून दिसत होती. मग ती कोणालाच कशी दिसली नाहीत? — एक आजी, सातारा

उत्तर : आजी, ती कोणाला दिसलीच नव्हती, असे फारच क्वचित घडलेले आहे. बहुतेक वेळा ती दिसलेली असतात, एकापेक्षा अधिक माणसांना दिसलेली असतात, आणि काही वेळा तर त्यांची लेखी नोंदही झालेली असते. आपली मुलगी राहते त्याच ओकलंड काउंटीत, नोव्हायपासून मोटारीने तासाभराच्या आत, ऑक्सफर्ड नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या हायस्कुलात 30 नोव्हेंबर 2021 रोजी पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने गोळीबार केला, त्यात चार विद्यार्थी मरण पावले आणि सात जण जखमी झाले. पुढे न्यायालयात या प्रकरणाची इतकी बारीक छाननी झाली, की त्या दोन दिवसांतला जवळजवळ प्रत्येक तास आज आपल्याला माहीत आहे. म्हणून हेच उदाहरण घेतो.

आदल्या दिवशी, सोमवारी, हा मुलगा वर्गात मोबाइलवर बंदुकीच्या गोळ्यांची माहिती शोधत असल्याचे एका शिक्षिकेने पाहिले. शाळेने आईच्या फोनवर निरोप ठेवला. आईने शाळेला उत्तर दिले नाही. मुलाला मात्र संदेश पाठवला, की मी रागावलेले नाही, पकडले न जाण्याची कला तुला शिकायला हवी. मंगळवारी सकाळी गणिताच्या शिक्षिकेला त्याच्या भूमितीच्या कागदावर एक चित्र दिसले. त्यात पिस्तूल होते, गोळी होती, रक्ताळलेला माणूस होता आणि शेजारी लिहिले होते, की विचार थांबत नाहीत, मला मदत करा. शिक्षिकेने त्याचा फोटो काढून ठेवला, हे बरे झाले, कारण तो कागद समुपदेशकाकडे पोहोचेपर्यंत मुलाने त्यातील बराच मजकूर खोडून टाकला होता. हे व्हिडिओ गेमसाठी काढलेले चित्र आहे, असे त्याने सांगितले. आईवडिलांना तातडीने बोलावून घेण्यात आले.

आता त्या खोलीकडे जरा जवळून पाहावे. समुपदेशक आहेत, शिस्तीचे काम पाहणारे अधिकारी आहेत, आई आहे, वडील आहेत आणि मुलगा आहे. मुलगा खचलेला आहे, हे समुपदेशकांना कळले आहे. वडिलांनी चारच दिवसांपूर्वी, शुक्रवारी, नवे पिस्तूल विकत घेतले आहे आणि आईने शनिवार-रविवारच्या सुटीत मुलाला नेमबाजीच्या सरावाला नेले आहे, हे आईवडिलांना ठाऊक आहे. मुलाचे दप्तर वर्गातून आणून त्याच्या हाती देण्यात आले आहे. पिस्तूल त्या दप्तरात आहे. बैठक जेमतेम दहा-बारा मिनिटे चालली. मुलाला दोन दिवसांच्या आत उपचार मिळायला हवेत, असे शाळेने सांगितले. आईवडिलांनी त्याला घरी नेले नाही, कामावर परत जायचे आहे म्हणून ते निघून गेले. पिस्तुलाचा विषय निघाला नाही. दप्तर कोणी उघडले नाही. आणि मुलाला पुन्हा वर्गात पाठवण्यात आले. दुपारी एक वाजण्याच्या सुमारास तो स्वच्छतागृहातून बाहेर आला तेव्हा पिस्तूल त्याच्या हातात होते.

आजी, या खोलीत माहितीची उणीव कुठे होती? चित्र एकाला ठाऊक होते, गोळ्यांचा शोध दुसऱ्याला आणि पिस्तूल तिसऱ्याला. तिन्ही तुकडे एका टेबलाभोवती आले, पण ते एकमेकांना जोडायचे काम आपले आहे, असे तिथे कोणालाच वाटले नाही. अशा धोक्याचे मूल्यमापन कसे करावे, याची कार्यपद्धती त्या शाळेच्या कागदोपत्री होती. ती फायलीतच राहिली, असा ठपका नंतरच्या स्वतंत्र चौकशीत ठेवण्यात आला. आई आणि वडील या दोघांनाही 2024 मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. मुलाने शाळेत केलेल्या सामूहिक गोळीबारासाठी आईवडिलांना असे दोषी धरण्याची अमेरिकेतील ही पहिली वेळ होती.

व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील घटना याहून जुनी आणि मोठी. ब्लॅक्सबर्ग येथे 16 एप्रिल 2007 रोजी 32 जणांचा बळी गेला. त्यांत मुंबईहून वास्तुरचनाशास्त्र शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती आणि मूळचे तामिळनाडूचे एक प्राध्यापकही होते. त्या आठवड्यात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत रोज ब्लॅक्सबर्गची बातमी असे, ती अनेकांना आठवत असेल. मारेकरी विद्यार्थ्याला आपल्या वर्गातून काढावे, असा आग्रह कवयित्री निकी जोव्हानी यांनी दीड वर्ष आधीच धरला होता. इंग्रजी विभागाच्या प्रमुख ल्युसिंडा रॉय यांनी त्याला स्वतंत्रपणे शिकवायला घेतले, आणि आपली काळजी विद्यापीठाच्या पोलिसांपर्यंत व समुपदेशन केंद्रापर्यंत पोहोचवली. वसतिगृहातील मुलांच्या तक्रारी होत्या. डिसेंबर 2005 मध्ये त्याने आत्महत्येची भाषा केल्यावर पोलिसांनी त्याला रुग्णालयात नेले, आणि तो मानसिक आजारामुळे स्वतःच्या जिवाला धोका आहे, असा निर्णय न्यायिक अधिकाऱ्याने देऊन बाह्योपचार, म्हणजे रुग्णालयात दाखल न होता उपचार, घेण्याचा आदेश काढला. तो समुपदेशन केंद्रात एकदा गेला. पुढे आला नाही, आणि तो का आला नाही हे विचारायला कोणी गेले नाही.

यातील सर्वांत जाचणारी गोष्ट मला वेगळीच वाटते. असा आदेश निघालेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक विकत घेता येत नव्हती. परंतु व्हर्जिनिया राज्य त्या काळी फक्त रुग्णालयात दाखल करण्याचे आदेश बंदूक-खरेदीच्या तपासणी यादीला कळवत असे. बाह्योपचाराचे आदेश कळवत नसे. त्यामुळे 2007 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याने दोन पिस्तुले रीतसर, तपासणीतून पार पडून घेतली. शालेय वयात, कोलोराडोतील कोलंबाइन हायस्कुलात 1999 मध्ये झालेल्या हत्याकांडानंतर, आपल्यालाही तसेच करावेसे वाटते असे त्याने लिहिले होते आणि त्यासाठी त्याच्यावर उपचारही झाले होते. विद्यापीठाला यातले काहीच माहीत नव्हते. गोपनीयतेच्या कायद्याचा बाऊ करून कार्यालये एकमेकांशी बोलत नव्हती, असे राज्यपालांनी नेमलेल्या समितीच्या अहवालात नमूद आहे. कायद्याने बोलायला जेवढी मोकळीक होती, तेवढीसुद्धा कोणी वापरली नव्हती.

प्रश्न : मी निवृत्त अभियंता आहे. घटना घडून गेल्यावर सगळेच शहाणे होतात. उदास, एककल्ली, काहीबाही लिहिणारी मुले प्रत्येक शाळेत डझनांनी असतात. लक्षणे ओळखा, लक्षणे ओळखा, असा घोष केल्याने प्रत्येक अबोल मुलगा संशयित ठरणार नाही काय? — एक वाचक, नागपूर

उत्तर : आपली शंका योग्य आहे, आणि ज्यांनी या विषयाचा आयुष्यभर अभ्यास केला आहे तेही ती मान्य करतात. अमेरिकेच्या सरकारी शाळांत सुमारे पाच कोटी मुले शिकतात. एकलकोंडेपणा, काळे कपडे, हिंसक व्हिडिओ गेम असली यादी घेऊन त्यांच्यात शोध घ्यायला निघालात, तर लाखो निरपराध मुले जाळ्यात सापडतील आणि जो सापडायला हवा तो सुटण्याचा संभव राहीलच. म्हणूनच शाळेत गोळीबार करणाऱ्याचा ठरावीक असा साचा नसतो, हे राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा सांभाळणाऱ्या अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने 2002 च्या अहवालातच स्पष्ट केले होते.

त्याच अहवालात दुसरीही एक बाब आहे. 1974 ते 2000 या काळातील 37 घटना तपासल्यावर असे दिसले, की 81 टक्के घटनांमध्ये हल्लेखोराच्या मनात काय चालले आहे हे निदान एका व्यक्तीला आधी ठाऊक होते, आणि ती व्यक्ती बहुधा मित्र, वर्गसोबती किंवा भावंड होती. दोनतृतीयांश हल्लेखोरांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून मिळवली होती. बहुसंख्य मुलांनी आधी आत्महत्येचा प्रयत्न केला होता किंवा तसा विचार बोलून दाखवला होता. तेव्हा शोध घ्यायचा तो स्वभावाचा नव्हे. काय बोलले गेले, कोणाविषयी बोलले गेले, ते करायला लागणारे साधन हाताशी आहे काय, आणि त्या दिशेने काही तयारी झाली आहे काय, एवढे विचारायचे. व्हर्जिनिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ ड्युई कॉर्नेल यांनी बसवलेल्या पद्धतीत रागाच्या भरात निघालेले शब्द आणि खराखुरा बेत या दोहोंमध्ये आधी फरक केला जातो. पहिल्या प्रकारातील प्रकरण बहुधा समजूत आणि माफीवर मिटते. 2008 मध्ये व्हर्जिनियाने सरकारी महाविद्यालयांना असे मूल्यमापन पथक सक्तीचे केले, 2013 मध्ये शाळांनाही.

याच्या उलट टोकाला टेनेसी राज्य गेले. तिथे धमकीच्या बाबतीत गय नाही, असा कायदा झाल्यावर थट्टेत बोललेल्या वाक्यासाठीही लहान मुलांना बेड्या पडल्याच्या घटना घडल्या. आपण म्हणता तो धोका हाच.

मी स्वतः बरीच वर्षे शाळेत शिकवले आहे. आपल्याकडे मुलांची खरी वही शेवटच्या पानापासून सुरू होते, हे कोणताही शिक्षक सांगेल. नववीतल्या एका मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मला एकदा फासावर लटकलेला माणूस दिसला आणि खाली माझ्या एका सहकाऱ्याचे नाव होते. मुख्याध्यापकांकडे नेण्याआधी मधल्या सुटीत त्याला थांबवून विचारले. अर्ध्या तासाने जे बाहेर आले त्याचा त्या सहकाऱ्याशी काही संबंध नव्हता. वडील दोन महिन्यांपासून घरी आले नव्हते. त्याच्या घरात बंदूक असण्याची शक्यता नव्हती, म्हणून मला अर्धा तास बिनघोर विचारता आले, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ऑक्सफर्डच्या समुपदेशकांना ती चैन नव्हती.

मानसिक आजाराविषयीही दोन शब्द, कारण आपल्या पत्राच्या उरलेल्या भागात तो उल्लेख आहे. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कोणाला इजा करत नाहीत. उलट त्यांनाच इतरांकडून इजा होण्याचा संभव अधिक असतो. असे आजार सर्वच देशांत आहेत, त्यामुळे केवळ त्यांनी या गोळीबारांचा उलगडा होत नाही.

प्रश्न : दर वेळी मेणबत्त्या, फुले, प्रार्थना आणि मग विस्मरण. अमेरिकी समाज यातून काहीच शिकत नाही, असे म्हणावे काय? — एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : काहीच नाही, असे म्हणता येणार नाही. बैल गेला नि झोपा केला, असे मात्र म्हणता येईल, आणि झोपाही प्रत्येक राज्याने आपापल्या मर्जीने केला.

तुलनेसाठी स्कॉटलंडमधील डनब्लेन पाहा. 13 मार्च 1996 रोजी तिथल्या प्राथमिक शाळेत सोळा मुले आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. तिथेही इशारा होता. या माणसाचा बंदूक-परवाना काढून घेण्याचा गांभीर्याने विचार करावा, असे टिपण एका पोलीस अधिकाऱ्याने 1991 मध्ये वरिष्ठांना पाठवले होते आणि वरिष्ठांनी त्यावर काही केले नव्हते. चौकशीत हे उघड झाले. पण ब्रिटिश समाज टिपण कोणी दाबले एवढ्यावर थांबला नाही. शोकाकुल पालकांच्या आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या स्वाक्षरी-मोहिमेला देशभरातून पाठिंबा मिळाला, आणि 1997 संपण्यापूर्वी खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. 1996 च्याच एप्रिलमध्ये, म्हणजे डनब्लेननंतर दीड महिन्यात, ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर येथे 35 जण मारले गेले. तेथील उजव्या विचारांच्या सरकारने काही आठवड्यांत सर्व राज्यांना एकत्र आणून कायदे कडक केले आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका भरपाई देऊन परत घेतल्या. इशारा कधी ना कधी चुकणारच, हे गृहीत धरून या देशांनी इशाऱ्यापाशीच थांबणे नाकारले, असा मी याचा अर्थ लावतो.

अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेत असल्याने तो रस्ता तिथे जवळपास बंद आहे. म्हणून तिथे इशाऱ्यावरच सगळा भार येऊन पडतो. फ्लोरिडातील पार्कलँड येथे 14 फेब्रुवारी 2018 रोजी सतरा जण मारले गेले. त्याच्या जवळजवळ सहा आठवडे आधी, 5 जानेवारीला, मारेकऱ्याला ओळखणाऱ्या एका महिलेने एफबीआयच्या दूरध्वनीवर त्याच्या बंदुका, त्याची हिंसक भाषा आणि तो शाळेत गोळीबार करील ही भीती, असे सगळे सांगितले होते. ती माहिती मायामीच्या कार्यालयाकडे गेलीच नाही. एफबीआयने हे मान्य केले, आणि पुढे सरकारने पीडित कुटुंबांना सुमारे 12 कोटी 75 लाख डॉलर देऊन दावे मिटवले. बचावलेल्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावर येऊन जो दबाव आणला, त्यामुळे त्याच मार्चमध्ये फ्लोरिडाच्या रिपब्लिकन सरकारने बंदूक विकत घेण्याचे वय 21 वर नेले, आणि धोकादायक वाटणाऱ्या माणसाकडून न्यायालयाच्या आदेशाने काही काळ शस्त्रे काढून घेण्याची तरतूद केली. अशी तरतूद सर्वांत आधी कनेक्टिकटने 1999 मध्ये केली होती. आज ती वीसहून अधिक राज्यांत आहे. मिशिगनने ती 2023 मध्ये केली, आणि लहान मुले असलेल्या घरात बंदूक कुलूपबंद ठेवण्याची सक्तीही त्याच वर्षी केली. ऑक्सफर्डच्या वेळी यातील एकही कायदा तिथे नव्हता.

कायदा असणे आणि तो वापरला जाणे यांतही अंतर आहे. मेन राज्यातील लुइस्टन येथे ऑक्टोबर 2023 मध्ये अठरा जण मारले गेले. मारेकरी सैन्याच्या राखीव दलात होता. तो गोळीबार करील, असे त्याच्या सहकाऱ्याने सप्टेंबरमध्येच वरिष्ठांना कळवले होते, आणि शस्त्रे काढून घेण्याचा कायदा त्या राज्यात होता. शेरीफच्या माणसांनी त्याच्या दारावर थाप मारली, दार उघडले गेले नाही, आणि ते परतले. त्याला ताब्यात घ्यायला पुरेसे कारण होते, असे चौकशी आयोगाने नंतर म्हटले.

मारेकऱ्यांची नावे या सदरात का दिली नाहीत, असेही आपण विचारले आहे. न्यूझीलंडमध्ये 15 मार्च 2019 रोजी क्राइस्टचर्चच्या मशिदींत 51 जण मारले गेल्यावर पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी त्या माणसाचे नाव उच्चारायचे नाही असे ठरवले, कारण त्याला हवी होती ती प्रसिद्धीच. आधीच्या मारेकऱ्यांची पूजा बांधणारे पुढचे मारेकरी निघतात, हे कोलंबाइननंतर पुन्हा पुन्हा दिसले आहे.

प्रश्न : आम्ही ऑस्टिनला राहतो. मुलगा दहा वर्षांचा आहे, मित्रांकडे रात्री मुक्कामाला जातो. त्या घरांत बंदुका असणार, हे टेक्ससमध्ये धरूनच चालावे लागते. विचारावेसे वाटते, पण समोरच्यांना अपमान वाटेल म्हणून जीभ रेटत नाही. नवरा म्हणतो, आपण बाहेरून आलेले, कशाला उगाच वाकड्यात शिरायचे? — एक वाचक, ऑस्टिन

उत्तर : अवश्य विचारा. मुलांना खेळायला पाठवण्यापूर्वी त्या घरातील बंदुकांविषयी विचारावे, असा सल्ला तेथील बालरोगतज्ज्ञांची संघटनाच पालकांना देते, त्यामुळे हा बाहेरच्यांचा चोंबडेपणा ठरत नाही. बंदूक आहे का, असे न विचारता ती कुठे ठेवता, असे विचारणे अधिक सोपे जाते. त्यात निवाडा नसतो. शेंगदाण्याची ॲलर्जी, घरातील कुत्रा आणि पोहण्याचा तलाव हे तुम्ही फोनवर विचारतच असाल. त्याच यादीत, त्याच सुरात, चौथा प्रश्न घालावा : बंदूक असेल तर ती कुलपात असते ना, आणि गोळ्या वेगळ्या ठेवलेल्या असतात ना? ज्यांच्याकडे ती नीट ठेवलेली असते, ते बहुधा न रागावता सांगतात. कोणी उडवाउडवी केली, तर त्या रात्री त्या मित्राला तुमच्याच घरी जेवायला आणि झोपायला बोलवा.